विश्लेषण : बांधावरचे झाड नागलीचे किती नुकसान करते?

पाऊस लागला की पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात एकाच वेळी दोन प्रकारची लागवड सुरू होते. खाचरात भाताची आणि माळावर नागलीची आवणी होते. त्याच दिवसांत बांधावर साग, बांबू, आंबा, काजूची रोपे लागतात. पहिली लागवड त्याच वर्षीच्या जेवणासाठी असते, दुसरी पाच ते वीस वर्षांनी येणाऱ्या पैशासाठी. दोन्हींची गाठ शेताच्या कडेला पडते. झाड मोठे झाले की कडेचे पीक पिवळे, बुटके का राहते? नुकसान किती आत जाते? ते टाळता येते का? जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत या प्रश्नांना वेगळे वजन का आहे, हे समजून घेऊ.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

गेल्या दशकात वृक्षलागवडीचा भर जंगलाकडून शेताकडे सरकला आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. असे स्वतंत्र धोरण आणणारा भारत हा पहिला देश मानला जातो. त्यापाठोपाठ २०१६-१७ मध्ये ‘हर मेढ पर पेड’, म्हणजे प्रत्येक बांधावर झाड, या घोषवाक्यासह कृषिवानिकीचे उपअभियान सुरू झाले. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरली. रोजगार हमी योजनेतूनही शेतकऱ्याच्या शेतात आणि बांधावर फळझाडे, वनझाडे लावण्याची सोय झाली.

या योजनांचा हिशेब झाडांच्या संख्येत होतो. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, किती जगली, हे मोजले जाते. झाडाशेजारच्या तीन-चार ओळींत पीक किती आले, हे मोजण्याचा रकाना नसतो. मोठ्या शेतात ही त्रुटी खपून जाते. एक-दीड एकराच्या शेतात ती घराच्या कणगीपर्यंत पोहोचते.

जव्हार-मोखाड्यातले शेत कसे असते?

मराठीत ‘वावर’ म्हणजे शेत. जव्हार तालुक्यातल्या वावर गावाचे नाव मात्र राज्याला वेगळ्या कारणाने माहीत झाले. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेला. शेतातून घरात किती धान्य येते, हा प्रश्न या भागात आजही जगण्याशी जोडलेला आहे.

इथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही कुटुंबे मुख्यतः पावसावर शेती करतात. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून वाहून जातो. उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी, उडीद, तूर आणि सखल खाचरांत भात, अशी पिकांची वाटणी असते. वरकस जमिनीत मातीचा थर पातळ, खाली मुरूम किंवा खडक. दिवाळीनंतर पाणी आणि काम दोन्ही आटते. मग अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, पडघ्याकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात.

पातळ माती, लहान तुकडे आणि वर्षातून एकच मुख्य पीक, या तीन गोष्टी बांधावरच्या झाडाचा परिणाम ठरवतात.

झाड पिकाकडून नेमके काय घेते?

पहिली गोष्ट, उजेड. नागली आणि वरई ही उन्हावर जगणारी पिके आहेत. मका, ज्वारीप्रमाणे त्यांचे प्रकाशसंश्लेषण ‘सी-४’ पद्धतीचे आहे; कडक उन्हाचाही ती पुरेपूर उपयोग करतात. म्हणून सावलीचा फटका त्यांना जास्त बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते आणि उजेड आधीच कमी असतो. त्यात कडेच्या रोपाला झाडामुळे निम्मेच आकाश दिसत असेल, तर ऊन नसतानाही त्याचा उजेड घटतो. अशी रोपे उंच, लेचीपेची होतात, फुटवे कमी धरतात आणि वाऱ्यापावसात लोळतात.

दुसरी गोष्ट, पाणी. आषाढ-श्रावणात पाण्यासाठी स्पर्धा नसते, उलट पाणी जास्तच असते. खरी ओढाताण भाद्रपदापासून सुरू होते. परतीचा पाऊस हुकला की पातळ मातीतला ओलावा आठ-दहा दिवसांत उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी कणसात दाणा भरत असतो. खोल जमिनीत झाडाची मुळे खालचे पाणी घेतात, पिकाची मुळे वरचे. खाली खडक असेल तर झाडाची मुळेही आडवी पसरून पिकाच्याच थरात येतात. त्यामुळे काळ्या, खोल जमिनीत निरुपद्रवी असलेले झाड वरकस जमिनीत पिकाशी भांडते.

तिसरी गोष्ट, अन्नद्रव्ये. नत्र आणि स्फुरद वरच्या थरातच असतात. वरकस नागलीला खत बहुधा बेताचेच मिळते. त्यातला वाटा झाडाने घेतला की कडेची पाने पिवळी दिसू लागतात.

चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही : थेंब. सागासारख्या रुंद पानावर पावसाचे बारीक थेंब जमून मोठे होतात आणि उंचावरून खाली पडतात. झाडाखाली गवत किंवा पालापाचोळा नसेल, तर हे थेंब माती उखडतात आणि कोवळी रोपे झोडपतात.

सावली कोणत्या बाजूला आणि कधी पडते?

जव्हार साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा १० मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली मध्यान्ही जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, तीही दक्षिणेला पडते. सप्टेंबरच्या मध्यात ती उत्तरेकडे सुमारे ३ मीटर होते, ऑक्टोबरच्या मध्यात साडेपाच मीटरच्या आसपास आणि डिसेंबरअखेर नऊ मीटरपेक्षा जास्त. फांद्यांच्या घेराखालची सावली याव्यतिरिक्त.

सकाळ-संध्याकाळचे गणित वेगळे. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्याच झाडाची सावली पश्चिमेकडे आठ-नऊ मीटर लांब असते आणि दुपार उलटल्यावर तितकीच पूर्वेकडे सरकते.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, झाडांची रांग पूर्व-पश्चिम असेल तर सकाळ-संध्याकाळची सावली बरीचशी रांगेवरच पडते आणि खरिपात पिकाला त्रास कमी होतो. रांग दक्षिणोत्तर असेल तर दोन्ही बाजूंचे पीक रोज काही तास सावलीत राहते. दोन, शेताच्या उत्तर बांधावरचे झाड मालकाच्या पिकाला कमी त्रास देते. पण दाणा भरताना त्याची सावली उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या शेतात जाते. बांधावरच्या झाडावरून होणाऱ्या भांडणांचे एक मूळ इथे आहे. तीन, भातानंतर ओलीवर घेतलेल्या वाल, हरभऱ्यासारख्या पिकांना सावली खरिपापेक्षा जास्त नडते, कारण हिवाळ्यात ती लांब असते आणि ओलावाही कमी असतो.

नुकसान किती? लहान शेताला ते जास्त का?

कडेचे नुकसान शेतभर सारखे नसते. झाडाच्या घेराखाली ते सर्वाधिक असते, पुढच्या दोन-चार मीटरांत झपाट्याने कमी होते आणि त्यापलीकडे बहुधा दिसेनासे होते. निलगिरीसारख्या जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांचा पट्टा याहून रुंद असू शकतो. परिणामाचा पट्टा तेवढाच राहिला, तरी शेत जितके लहान तितका त्यातला कडेचा वाटा मोठा होतो.

हे आकड्यांत पाहता येते. समजा, चौकोनी शेताच्या चारही बांधांवर झाडे आहेत आणि परिणाम ३ मीटर आतपर्यंत पोहोचतो. पाच एकरांच्या शेतात हा पट्टा एकूण क्षेत्राच्या सुमारे ८ टक्के होतो. एक एकराच्या शेतात तो सुमारे १८ टक्के होतो. पट्ट्यातले पीक निम्मे झाले असे धरले, तर मोठ्या शेताचे नुकसान ४ टक्के आणि लहानाचे ९ टक्के. परिणाम ५ मीटरपर्यंत गेला, तर एका एकरात पट्टा २९ टक्क्यांवर जातो.

उतारावरच्या खाचरांचे गणित आणखी कठीण आहे. १० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब खाचराच्या एकाच लांब बांधावर झाडे लावली, तर ३ मीटरचा पट्टा खाचराचा ३० टक्के भाग व्यापतो. दोन्ही लांब बांधांवर लावली तर ६० टक्के.

एका एकरात ४ क्विंटल नागली येते असे धरले, तर ९ टक्के म्हणजे ३६ किलो. घरात दिवसाला दोन किलो पीठ लागत असेल, तर हे अठरा दिवसांच्या भाकरीचे धान्य आहे. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या तुलनेत नगण्य. त्यामुळे गेलेल्या नागलीची जागा रेशनचा तांदूळ पोटापुरती भरतो, पोषणात भरत नाही.

या गणिताला एक महत्त्वाची दुरुस्ती आवश्यक आहे. झाड नसलेल्या बांधालाही कडेचे पीक थोडे कमजोरच असते. तिथे माती खरवडलेली असते, जनावरांचा आणि माणसांचा वावर असतो, कुठे पाणी साचते. म्हणून झाडामुळे झालेले नुकसान मोजायचे तर झाडाजवळच्या कडेची तुलना शेताच्या मधल्या भागाशी करून चालत नाही. झाड नसलेल्या कडेशी करावी लागते. नाही तर सगळा दोष झाडावर जातो.

मग झाड देते काय?

उतारावरच्या शेतात बांध टिकणे ही पहिली गरज असते. अतिवृष्टीत बांध फुटला की खाचरातली माती, खत आणि रोपे सगळेच वाहते. झाडांची आणि झुडपांची मुळे बांध धरून ठेवतात. हा फायदा दरवर्षी दिसत नाही. ज्या वर्षी ढग फुटल्यासारखा पाऊस होतो त्या वर्षी दिसतो.

पालापाचोळ्यातून जमिनीला सेंद्रिय पदार्थ मिळतात. गिरीपुष्पासारखी शेंगवर्गीय झाडे नत्र स्थिर करतात. कोकणात प्रसार झालेल्या चारसूत्री भात लागवडीत गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात गाडणे हे एक सूत्रच आहे आणि त्यासाठीची झाडे बांधावरच लावायची असतात. खोल जाणारी मुळे खालच्या थरातली अन्नद्रव्ये वर आणतात. पान गळून कुजले की ती पिकाला मिळतात. मात्र पाला गोळा करून घरी किंवा बाजारात नेला, तर हे चक्र तुटते आणि झाड केवळ घेणारे ठरते.

याशिवाय सरपण, चारा, पत्रावळीची पाने, मोहाची फुले, आंबा, काजू, जांभूळ हे घरात येणारे उत्पन्न आहेच. पिकाचा घाटा आणि झाडाची मिळकत एकाच घरात येत असेल आणि मिळकत घाट्यापेक्षा मोठी असेल, तर सौदा फायद्याचा. अडचण दोन ठिकाणी येते : घाटा आज होतो आणि मिळकत दहा-वीस वर्षांनी येते, आणि कधी घाटा एकाच्या शेतात होतो, मिळकत दुसऱ्याच्या घरात जाते.

जुन्या पद्धतीत यावर काय उपाय होता?

जव्हार-मोखाड्याच्या शेतात झाडे नवीन नाहीत. ऐन, पळस, मोह, साग शेतात आणि बांधावर पूर्वापार आहेत. त्यांना आवर घालण्याचे काम राब करायचा. पावसाआधी झाडांच्या फांद्या छाटून कवळ गोळा केला जातो. तो, गोवर, गवत आणि पालापाचोळा यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून, वर माती टाकून भाजतात. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि रोपे जोमाने वाढतात. याच राबावर भात आणि नागलीचे रोप तयार होते.

राबावर टीकाही जुनी आहे. फांद्या छाटल्याने झाडे खुरटतात आणि जाळल्याने सेंद्रिय पदार्थ वाया जातात, हे दोन आक्षेप इंग्रज अमदानीपासून घेतले जातात. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा राबाचा हक्क हा मोठा विषय होता. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाडा ठाणे जिल्ह्यात होता.

या वादात राबाचा एक उपयोग बाजूला राहतो. दरवर्षी पावसाच्या तोंडावर छाटलेले ऐनाचे झाड जुलैमध्ये सावली कमी देते, त्याची मुळेही काही काळ मंदावतात. पीक उभे असताना झाड आवरलेले आणि पीक निघेपर्यंत पुन्हा फुटलेले, असा तो मेळ होता. बांधावर झाड आणि शेजारी पीक हे दोन्ही टिकले, कारण झाडावर दरवर्षी कोयता चालत होता.

नव्या लागवडीत हा मेळ तुटतो. इमारती लाकडासाठी लावलेला साग सरळ, उंच वाढायला हवा, म्हणून त्याचा शेंडा छाटत नाहीत. आंबा-काजूची फांदी राबासाठी तोडायची नसते. शिवाय साग साधारण फेब्रुवारी ते मे पर्णहीन असतो आणि खरिपात पूर्ण पानावर असतो. म्हणजे पिकाला उजेड हवा तेव्हाच त्याची सावली सर्वाधिक.

कोणते झाड किती त्रासाचे?

शेवगा आणि गिरीपुष्प यांची सावली विरळ, छाटणी सहज. पिकाशेजारी ही सोयीची. ऐन, पळस पानगळीचे आणि छाटणी सोसणारे. आंबा, काजू, फणस सदाहरित आणि घेरदार; बांधापेक्षा यांना स्वतंत्र जागा हवी. साग खोडाने सरळ, पण पान रुंद. निलगिरी लवकर वाढते आणि पाणी ओढते. कोरडवाहू पिकाच्या कडेला ती टाळलेली बरी. सुबाभूळ चाऱ्याला चांगली, पण शेंगा पिकू दिल्या तर तिची रोपे शेतभर उगवतात.

बांबूचा स्वतंत्र विचार हवा, कारण सध्या त्याच्या लागवडीवर मोठा भर आहे. त्याची तोड इतर झाडांपेक्षा सोपी आहे. वनहक्क कायदा, २००६ ने त्याला गौण वनोपजात धरले आणि २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. चार-पाच वर्षांत उत्पन्न सुरू होते. पण बांबूची तंतुमुळे दाट आणि उथळ असतात, आणि बेट दरवर्षी रुंदावते. पातळ मातीच्या शेतात ती थेट नागलीच्या थरात जातात. ओढ्याकाठ, पडीक कोपरा, घळीची कड या जागा बांबूला योग्य. दहा मीटर रुंद खाचराचा बांध नव्हे.

वाडीचा अनुभव काय सांगतो?

झाडे कडेला न लावता शेतातच ठरावीक अंतरावर लावण्याचा प्रयोग या भागाने आधीच पाहिला आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ च्या सुमारास गुजरातमधील वांसदा भागात ‘वाडी’ कार्यक्रम सुरू केला. एका आदिवासी कुटुंबाला सुमारे एक एकरात आंबा-काजू, मधल्या जागेत पिके आणि कुंपणाला वनझाडे, अशी ही रचना. ती पुढे जव्हार परिसरातही आली आणि नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून देशभर पसरली.

वाडीत सुरुवातीची काही वर्षे आंतरपीक भरघोस येते, झाडांचे घेर मिळू लागले की घटते. मात्र तोवर फळांचे उत्पन्न सुरू झालेले असते. पिकाचा घाटा आणि फळाची मिळकत एकाच कुटुंबात आणि जवळपास एकाच काळात येते, हे या रचनेचे बळ. बांधावरच्या सागाबाबत असे होत नाही. घाटा सहाव्या-सातव्या वर्षी दिसू लागतो, लाकडाचा पैसा त्यानंतर दशकभराने किंवा आणखी उशिरा.

झाड आपले, तर तोडण्याचा हक्क कोणाचा?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५ नुसार भोगवट्याच्या जमिनीतील झाडांवर धारकाचा हक्क असतो. पण हक्क असणे आणि तोडता येणे यांत अंतर आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, मोह, ऐन, हिरडा यांसारखी झाडे आहेत. ती खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी शेतकऱ्यासाठी १९६९ चा आणखी एक कायदा आहे. व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने झाडे लुटू नयेत म्हणून त्याने आदिवासी भोगवटादाराच्या झाडविक्रीवर जिल्हाधिकारी आणि वन विभागामार्फत नियंत्रण ठेवले. हेतू संरक्षणाचा, पण प्रत्यक्षात अर्ज, मोजणी, पंचनामा, तोड, विक्री आणि पैसे अशी लांब वाट तयार झाली.

वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. हे पट्टे वारसाने पुढे जातात, पण विकता येत नाहीत. अशा जमिनीवर लावलेल्या झाडाची नोंद लागवडीच्याच वेळी झाली नाही, तर पंधरा-वीस वर्षांनी ते झाड लावलेले की आधीचे, यावर वाद होऊ शकतो.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. लागवडीची ऑनलाइन नोंदणी आणि त्याआधारे तोडीची परवानगी सुलभ करणे हा त्यांचा गाभा आहे. ते स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे. १९६९ च्या कायद्यामुळे आदिवासी शेतकऱ्याला याचा लाभ कसा मिळणार, हे राज्याला स्वतंत्रपणे ठरवावे लागेल.

याचा पिकाशी संबंध सरळ आहे. झाड वेळेवर काढता येईल याची खात्री नसेल, तर ते पिकाला नडू लागल्यावरही उभेच राहते. किंवा शेतकरी रोप लहान असतानाच ते मरू देतो. दिवाळीनंतर कुटुंब स्थलांतरित झाले की मोकाट जनावरे आणि वणवे रोपे संपवतात. त्यांना वाचवण्याची धडपड करावी, असे कारणही उरत नाही.

इतरत्र काय दिसते?

राजस्थानात बाजरीच्या शेतात खेजडी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. तिची मुळे खोल जातात, सावली विरळ असते आणि पाल्यासाठी ती नियमित छाटली जाते. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातील ‘फायडर्बिया अल्बिडा’ हे झाड तर पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या ऋतूत हिरवे राहते. त्यामुळे त्याच्याखालचे धान्य सावलीत सापडत नाही, उलट पाल्याच्या खताने चांगले येते. जव्हारच्या सागाचे चक्र याच्या बरोबर उलटे आहे.

नायजर देशाचा धडा कायद्याचा आहे. तिथे शेतातली झाडे दीर्घकाळ सरकारी मालकीची मानली जात. १९८० च्या दशकापासून ही पकड सैल झाली आणि शेतकऱ्यांनी शेतात आपोआप फुटणारे खुंट राखायला, छाटायला सुरुवात केली. सुमारे ५० लाख हेक्टरवर अशी झाडे परत आल्याचा अंदाज आहे. रोपे वाटण्याचा खर्च जवळजवळ झाला नाही. कोणते झाड ठेवायचे, किती छाटायचे, कधी काढायचे, हे ज्याचे पीक त्यानेच ठरवले.

शेतकऱ्याला आणि यंत्रणेला काय करता येईल?

शेतकऱ्याच्या हातात काही साधे उपाय आहेत. शक्यतो पूर्व-पश्चिम बांधावर रांग धरावी. उत्तरेकडचा शेजारी सावलीत जाणार असेल तर आधी बोलून घ्यावे. अरुंद खाचराच्या बांधावर उंच झाडाऐवजी गिरीपुष्पासारखे छाटता येणारे झाड लावावे. मेअखेर एक छाटणी आणि पोटरी येण्याच्या सुमारास खालच्या फांद्यांची दुसरी छाटणी केली, तर दाणा भरताना उजेड मिळतो. जमीन परवानगी देईल तिथे झाड आणि पीक यांच्यामध्ये हातभर खोल चर खणून आडवी मुळे तोडता येतात. मात्र उतारावर हा चर पाण्याचा पाट बनणार नाही, हे पाहावे लागते. झाडालगतच्या दोन-तीन मीटरांत नागलीचा हट्ट न धरता हळद, आले, सुरण, अळू अशी सावली सोसणारी पिके किंवा चाऱ्याचे गवत घेता येते.

मोजणीही अवघड नाही. कापणीच्या वेळी झाडाजवळच्या बांधापासून १, ३, ५ आणि १० मीटरवर एक-एक चौरस मीटर पीक वेगळे कापून दाणे तोलावेत. झाड नसलेल्या बांधाकडेही तसेच करावे. दोन्ही आकड्यांतला फरक हे त्या झाडाचे खरे नुकसान. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या मदतीने अशा नोंदी गावोगावच्या शेतांत घेता येतील.

यंत्रणेच्या बाजूने तीन बदल गरजेचे दिसतात. रोपांची निवड तालुक्याच्या उद्दिष्टावरून न करता शेताची रुंदी, मातीची खोली आणि बांधाची दिशा पाहून व्हावी. झाड लावतानाच त्याची नोंद, छाटणीचा हक्क आणि पुढे तोडीची परवानगी यांचा कागद शेतकऱ्याच्या हातात पडावा. आणि जगलेल्या रोपांच्या रकान्याशेजारी कडेच्या पिकाचा एक रकाना असावा.

बांधावर झाड हवेच. उताराची माती त्याशिवाय राहणार नाही. पण ते कोणते, कुठे आणि किती वर्षे उभे राहील, हे ठरवताना त्याच्या सावलीतल्या नागलीचा हिशेब झाला पाहिजे. लाकडाचा पैसा येईपर्यंत घर त्या नागलीवरच चालणार आहे.